पावसाळ्यात वाढलेले गवत व शाळेचे आवार

जून महिन्यात शाळा उघडतात त्या वेळी आवारात बहुधा धूळ, वाळलेला पाला आणि तडकलेली जमीन एवढेच दिसते. मृगाच्या सरी येऊन गेल्या की चार-सहा दिवसांत त्याच जमिनीवर हिरवी लव उगवते. आर्द्रा सरेपर्यंत हरळीचे जाळे पसरते, तिच्यातून टाकळा व आघाडा डोके वर काढतात, आणि पुष्य नक्षत्राची झड एकदा सुरू झाली म्हणजे ध्वजस्तंभाचा ओटादेखील गवतात बुडून जातो. पहिलीच्या वर्गातील मूल त्या गवतातून येऊ लागले तर दुरून त्याचे डोके आणि दप्तर एवढेच दिसते.

पुढे ऑगस्टचा दुसरा आठवडा येतो. स्वातंत्र्यदिनाच्या ध्वजवंदनास ग्रामस्थ येणार, सरपंच येणार, आणि आवाराची स्थिती तर अशी! मग तेरा-चौदा तारखेस धावपळ करून चार-सहा माणसे जमविली जातात. मिळतील ते विळे, कोयते व खुरपी घेऊन भर पावसात सारे गवत जमिनीसरसे छाटले जाते. काही ठिकाणी तर ते फावड्याने खरडून काढले जाते. पंधरा तारखेस मैदान स्वच्छ दिसते, हे खरे. परंतु आठ दिवसांनी तेच मैदान पुन्हा जाऊन पाहावे. पिवळ्या, निबर खुंटांची दाढी उरलेली असते. मधूनमधून पाण्याची डबकी साचलेली असतात. पावसाचे थेंब उघड्या मातीवर आपटून भिंतीच्या पायथ्याला हातभर उंचीपर्यंत चिखलाचे शिंतोडे उडालेले असतात, मुले घसरून पडतात, वर्गात चिखलाच्या पावलांची रांग लागते. आणि या उघड्या जमिनीवर सर्वांत आधी उगवून येतात ते लव्हाळा व गाजर गवत, म्हणजे ज्यांना घालवावयाचे तेच.

या एका दिवसाच्या कापणीत कष्ट कमी पडतात असे नाही. कष्ट पुष्कळच होतात. चुकते ती वेळ आणि चुकते ते माप. हे का चुकते हे समजण्यासाठी गवत वाढते कसे, ते प्रथम पाहिले पाहिजे.

झाडाची फांदी शेंड्याकडून वाढते. शेंडा खुडला की त्या फांदीची लांबी तेथेच थांबते. गवताच्या पात्याचे तसे नाही. पाते बुडाकडून वाढते आणि जुना भाग वर ढकलला जातो, बोटाचे नख वाढते त्याप्रमाणे. गवताचा वाढता कोंबही जमिनीलगत, पानांच्या आवरणात लपलेला असतो. त्यामुळे वरचे पाते गाईने खाल्ले, विळ्याने कापले किंवा मुलांच्या पायांखाली तुडविले गेले, तरी खालून नवे पाते येत राहते. जगातील गुरे हजारो वर्षे कुरणांवर पोसली जात आहेत ती गवताच्या या एका गुणावर. हरळीला तर याखेरीज जमिनीवरून सरपटणारी व जमिनीखालून पसरणारी खोडे असतात. तिच्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात. शेतकऱ्याच्या लेखी हरळी हा हाडवैरी होय. शाळेच्या मैदानाला मात्र तिच्यासारखा दुसरा मित्र नाही.

परंतु ही सारी व्यवस्था गवत आखूड असते तोपर्यंतच चांगली चालते. गवत न कापता वाढू दिले की फुलोऱ्यावर येण्यासाठी त्याचा दांडा लांबू लागतो आणि जो कोंब जमिनीलगत सुरक्षित होता तो दांड्याबरोबर वर चढतो. वरच्या दाट पानांमुळे खाली उजेड पोचत नाही, म्हणून खालची पाने पिवळी पडून गळतात. गुडघाभर गवताच्या झुडपात हात घालून पाहिले तर वरचा तिसरा हिस्सा हिरवा आणि खालचा सारा पांढुरका-पिवळा आढळेल. अशा गवताला एकदम जमिनीसरसे कापले म्हणजे वर चढलेले कोंब आणि हिरवा भाग दोन्ही निघून जातात; उरतो तो पिवळा दांडा. अन्न तयार करावयाचे पानांनी. ती नाहीत म्हणून मुळे साठविलेल्या अन्नावर दिवस काढतात आणि आखडत जातात. मुळे आखडली की माती सैल होते, आणि पुढच्याच झडीत ती वाहून नाल्याला मिळते.

यावरून उद्यानपालांच्या व्यवसायात एक नियम रूढ झाला आहे: गवताची जी उंची असेल तिच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक एका वेळी कापू नये. शाळेचे आवार ही राजवाड्यापुढील हिरवळ नव्हे, तेव्हा हा नियम काटेकोरपणे पाळलाच पाहिजे असा आग्रह कोणी धरणार नाही. अर्ध्याने कापले तरी हरळी तग धरते. तथापि गुडघ्याएवढे गवत एका दिवसात टाचेएवढे करणे, हे नियमाच्या कोणत्याही सवलतीत बसत नाही.

आता ओल्या गवताविषयी. गवत कापण्याच्या यंत्राचा जन्म इंग्लंडातला. ग्लॉस्टरशायर परगण्यातील एडविन बडिंग या कारागिराने १८३० मध्ये त्याचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरची लव कातरून ते गुळगुळीत करणारे गिरणीतील यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. आज अशा यंत्रांसोबत येणाऱ्या माहितीपत्रकांत बहुधा एक सूचना असते, ती म्हणजे ओले गवत कापू नये. सूचना रास्त आहे. ओल्या पात्याच्या अंगावर पाण्याचा थर असतो व पाण्याच्या भाराने ते वाकलेले असते. त्यामुळे धार त्यावरून घसरते, आणि पाते कापले जाण्याऐवजी ओढले जाऊन फाटते. फाटलेले टोक दोन दिवसांत तपकिरी पडते व तेथून बुरशी शिरते. कापलेले ओले गवत सुटे पडत नाही; त्याचे ढेकूळ होऊन खालच्या गवतावर बसते, आणि त्याखालचा भाग कुजतो. याहून मोठे नुकसान जमिनीचे होते. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत एरवी हवा असते. पावसाने त्या पाण्याने भरतात. अशा वेळी दहा माणसे दिवसभर त्या मातीवर वावरली म्हणजे ती दाबली जाते, पोकळ्या मिटतात आणि पुढे पाणी मुरेनासे होते. मैदानावर डबकी साचतात त्यांचे मूळ पुष्कळदा या तुडवण्यातच असते.

मग प्रश्न असा उभा राहतो की, ओले गवत कापावयाचे नाही तर कापावयाचे केव्हा? इंग्लंडात पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडतो. दोन दिवस थांबले की गवत सुकते. महाराष्ट्रातील पाऊस चार महिन्यांत आपले सारे काम उरकून घेतो. त्यातही कोकणात सुमारे ३००० मिलिमीटर, तर सह्याद्रीच्या पूर्वेकडील अवर्षणाच्या पट्ट्यात अवघा ५०० ते ६०० मिलिमीटर, असा फरक आहे. सोलापूरकडील शिक्षकाला कोरड्या दिवसाची वाट पाहता येईल. सावंतवाडी किंवा महाबळेश्वर येथील शिक्षक कोरड्या दिवसाची वाट पाहू लागला तर त्याला दसरा उजाडेल, आणि तोवर गवत छातीला लागेल. सारांश, गवत पूर्ण कोरडे असण्याची अट येथे घालता येत नाही. ते त्यातल्या त्यात कमी ओले असेल अशी वेळ गाठणे आणि प्रत्येक खेपेस थोडेच कापणे, एवढेच हाती राहते.

ही वेळ म्हणजे उघाड. झडीच्या दिवसांतही दोन-तीन तासांची उघाड मिळते आणि वारा असेल तर तेवढ्यात पात्यावरचे पाणी निथळून जाते. सकाळचे दव व रात्रीचा ओलावा उतरावयास दहा-साडेदहा वाजतात. तेव्हा सकाळी सातला काम सुरू करण्याची आपली नेहमीची शिस्त येथे उपयोगाची नाही. मूठभर गवत तोडून पिळावे. हाताला पाणी सुटले तर थांबावे. हात नुसता दमट झाला तर काम सुरू करण्यास हरकत नाही. जमिनीची परीक्षा टाचेने होते. टाच दाबून उचलली असता खड्ड्यात पाणी चमकले तर त्या दिवशी मैदानावर माणसे घालू नयेत. जांभ्याची जमीन पाणी लवकर सोडते, म्हणून कोकणात पाऊस अधिक असूनही तासा-दोन तासांची उघाड पुरते. मुरमाड मैदानाचेही तसेच. विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या जमिनीची गोष्ट निराळी. तिच्यातील चिकण कण पाणी पिऊन फुगतात, दोन दिवस ऊन पडले तरी माती पायाला बिलगते. अशा ठिकाणी गवत सुकलेले असले तरी जमीन तयार नसते आणि जमिनीचेच ऐकावे लागते. आकाशात गडगडाट होत असेल तर मात्र परीक्षा पाहत न बसता माणसांनी पक्क्या इमारतीत यावे. हातात लोखंडी विळा घेऊन उघड्या मैदानावर उभे राहण्याची ती वेळ नव्हे.

वेळापत्रक स्वातंत्र्यदिनापासून उलट मोजीत आखले तर सोपे जाते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात गवत ४५ सेंटीमीटर झाले आहे असे धरू. २० जुलैच्या सुमारास मिळेल त्या उघाडीत ते ३० सेंटीमीटरवर आणावे. ऑगस्टच्या आरंभी २० वर आणि १० ते १२ तारखेच्या दरम्यान १३-१४ वर. मधल्या दिवसांत ते पुन्हा वाढणार, म्हणून प्रत्येक वेळी प्रत्यक्ष मोजून ठरवावे. शाळेत पट्ट्यांना तोटा नाही. तेरा सेंटीमीटर म्हणजे मोठ्या माणसाच्या घोट्याच्या किंचित वर. एवढे गवत ध्वजवंदनाला अजिबात अशोभनीय दिसत नाही, आणि त्याखाली माती झाकलेली राहते. ज्या शाळांनी जुलैच्या पहिल्याच आठवड्यात, गवत वीतभर असताना, एक हात फिरविला त्यांचे पुढचे काम निम्म्याने हलके होते, ही गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. कारण त्या वेळी गवत फारसे दिसत नाही आणि म्हणून कोणाला आठवतही नाही.

सारे आवार एकाच दिवशी साफ झाले पाहिजे हा हट्टही सोडावा. फाटकापासून वर्गापर्यंतची वाट, स्वच्छतागृहाकडे व पिण्याच्या पाण्याकडे जाणारी वाट, किचनशेडभोवतालची जागा आणि इमारतीलगतचा दोन-तीन मीटरांचा पट्टा ही पहिली. मुले रोज वावरतात ती जागा हीच. परिपाठाचे व खेळाचे मैदान त्यानंतर. कुंपणाकडची कड सर्वांत शेवटी.

ज्या दिवशी जमीन कापणीसाठी फार ओली असते तो दिवस वाया गेला असे मात्र समजू नये, कारण उपटण्यासाठी तोच दिवस उत्तम. गाजर गवत हे नावाने गवत असले तरी गवत नव्हे. सूर्यफुलाच्या कुळातील ते रोप आहे. अमेरिका खंडातून आलेल्या या तणाची भारतातील पहिली ठळक नोंद १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात झाली आणि त्यानंतर त्याने देश व्यापला. त्याच्या संपर्काने कातडीला खाज व पुरळ येते, परागांनी काहींना शिंका व दम्याचा त्रास होतो. त्याला कापून उपयोग नसतो. बुडखा राहिला की तो पुन्हा फुटतो, आणि एका झाडापासून हजारोंनी बी पडते. कोरड्या जमिनीत ते उपटू गेल्यास दांडा हातात येतो व मूळ आत राहते. भिजलेल्या जमिनीतून मात्र ते मुळासकट अलगद येते. पांढरी फुले येण्यापूर्वी, हातमोजे घालून किंवा हाताला जाड पिशवी गुंडाळून, मोठ्या माणसांनीच ते उपटावे. पानांवर पट्टेदार, फिकट रंगाचे लहान भुंगेरे आढळले तर त्यांना मारू नये. गाजर गवताचा फडशा पाडण्यासाठीच ते मेक्सिकोहून आणून १९८४ मध्ये बंगळूर येथे प्रथम सोडण्यात आले व पुढे सर्वत्र पसरले. टाकळ्याबद्दल इतका राग धरण्याचे कारण नाही. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी कोकणात आवडीने खातात. तो फक्त शेंगा धरण्याआधी काढावा.

गवताविषयी पालकांच्या मनात जी भीती असते ती मुख्यतः सापाची, आणि ती अनाठायी नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांपैकी निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील आणि पावाहून अधिक मृत्यू पंधरा वर्षांखालील मुलांचे होते. हे आकडे वाचल्यावर गवत कापणे हा केवळ टापटिपीचा विषय राहत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाच्या प्रतिबंधासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत असे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

परंतु ज्या धोक्यासाठी गवत कापावयाचे तो धोका कापतानाच सर्वांत अधिक असतो, हे विसरले जाते. वाकून डाव्या हाताने गवताची मूठ धरावयाची आणि उजव्या हाताने विळा ओढावयाचा, ही कापणीची पद्धत शेतात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दाट, ओल्या, गुडघाभर गवतात मात्र त्या डाव्या हातापुढे काय आहे ते दिसत नाही. म्हणून प्रथम लांब काठीने गवत हलवून, जमिनीवर आपटीत पुढे जावे. जमिनीतून येणारी कंपने सापाला चांगली कळतात व धामण, नाग यांसारखे साप बहुधा निघून जातात. घोणस मात्र अशी निघून जात नाही. ती जागीच वेटोळे घालून मोठ्याने फुत्कारते. कोकणात आढळणारे फुरसे तर वीतभर-हातभर लांबीचे. तेही जागीच राहून अंगावरचे खवले एकमेकांवर घासते आणि करवतीसारखा आवाज करते. तेव्हा नुसत्या काठीवर विसंबू नये. बेचक्याच्या काठीने गवत वर उचलून, खालची जमीन दिसल्यावर मगच हात घालावा. पायांत पोटरीपर्यंतचे गमबूट असावेत. दगडांचे ढीग, फुटक्या कौलांची रास, पाण्याच्या टाकीची मागची बाजू येथे विशेष जपावे.

कापणीची दिशा हीदेखील विचार करण्याजोगी गोष्ट आहे. पुष्कळदा कुंपणाकडून कापीत इमारतीकडे येतात, किंवा चारी बाजूंनी घेरीत मध्यावर येतात. अशाने गवतातील साप, उंदीर, विंचू यांना पळावयाला वर्गाच्या उंबरठ्याखेरीज दुसरी जागा उरत नाही. भिंतीलगत सुरुवात करून कुंपणाकडे जावे, म्हणजे त्यांची वाट बाहेरच्या बाजूस मोकळी राहते. साप दिसला तर त्याला मारण्याच्या भरीस न पडता काम थांबवावे आणि माहितगार सर्पमित्राला किंवा वनविभागाला कळवावे. शिवाय गवत कापले तरी बिळे उरतातच. केरळातील वायनाड जिल्ह्यात नोव्हेंबर २०१९ मध्ये एका विद्यार्थिनीचा जीव गेला तो वर्गाच्या जमिनीतील भोकात दडलेल्या सापामुळे. गवत उतरल्यावर जोत्यातील व भिंतीच्या पायथ्यातील जी भोके उघडी पडतील ती त्याच आठवड्यात सिमेंटने बुजवून घेणे, हा कापणीचाच एक भाग मानावा.

आणि दंश झालाच तर? दंश झालेल्याला धीर देऊन निजवावे, त्याला चालू देऊ नये. बांगडी, अंगठी, पैंजण, बूट काढावेत, कारण सूज येते. दंशाचा हात किंवा पाय पट्टीच्या आधाराने, मोडलेल्या हाडाप्रमाणे, स्थिर ठेवावा. आवळून दोरी बांधणे, जखमेवर चीर देणे, तोंडाने रक्त ओढणे यांनी अपाय होतो. मांत्रिकाकडे घालविलेला अर्धा तास परत मिळत नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, किंवा मिळेल त्या वाहनाने, प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या सरकारी दवाखान्यात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते, त्यामुळे साप पकडून नेण्याची गरज नाही. ही लस जवळच्या कोणत्या दवाखान्यात आहे याची चौकशी कापणीच्या दिवशी नव्हे, आधीच करून तो क्रमांक कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

गवताशी संबंध असलेले दोन तापही येथे सांगितले पाहिजेत. स्क्रब टायफस हा त्यांतला एक. गवतात व झुडपांत राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सूक्ष्म किड्याच्या पिलाने चावा घेतल्याने तो होतो; २०१८ मध्ये नागपूर व विदर्भाच्या इतर भागांत त्याची मोठी साथ आली होती. चावा दुखत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. पुढे ताप, डोकेदुखी आणि कित्येकांच्या अंगावर काळ्या खपलीची एक लहानशी जखम दिसते. वेळीच ओळखला तर साध्या औषधाने बरा होतो, न ओळखला तर जीवावर बेततो. यास्तव पावसाळ्यात ताप आलेल्या मुलाच्या पालकांनी मूल गवतात खेळत-बसत होते हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. दुसरा ताप लेप्टोस्पायरोसिस. उंदीर-घुशींच्या व जनावरांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी पायाच्या जखमेतून शरीरात जाते व तो जडतो. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर त्याची साथ पसरली होती. अनवाणी पायाने, भेगाळलेल्या टाचांनी चिखलात गवत कापणाऱ्या माणसाला हा धोका सर्वांत जास्त. डासांविषयी मात्र एक गैरसमज आहे. डास गवतात जन्मत नाहीत, केवळ आश्रयाला बसतात. त्यांचा जन्म पाण्यात होतो. कापणीत जी करवंटी, टायर किंवा प्लास्टिकचा फुटका डबा सापडतो, डासांचे घर तेथे असते. तो उचलला नाही तर गवत कापूनही डेंग्यूच्या दृष्टीने काहीच साधले नाही.

हत्याराला धार असणे कोरड्या गवतापेक्षा ओल्या गवतात अधिक गरजेचे असते. बोथट विळा ओले गवत मुळासकट उपटतो. कानस किंवा धारेचा दगड जवळ ठेवून तासा-तासाने धार लावून घ्यावी. मुठीला सुतळी गुंडाळली म्हणजे ओल्या हातातून विळा निसटत नाही. अलीकडे पुष्कळ गावांत ग्रामपंचायतीकडे किंवा एखाद्या बागायतदाराकडे खांद्यावर अडकवून चालविण्याचे पेट्रोलचे गवतकापणी यंत्र असते. ते मिळाल्यास काम लवकर होते. मात्र त्याचे फिरते पाते खडा किंवा काचेचा तुकडा गोळीसारखा फेकते. त्यामुळे ते सुटीच्या दिवशी चालवावे, आधी जागा वेचून घ्यावी, चालविणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा असावा आणि इतर कोणीही पंधरा मीटरांच्या आत येऊ नये. ओले गवत यंत्राच्या पात्याभोवती गुंडाळून ते अडते. अशा वेळी इंजिन बंद केल्याखेरीज हात घालणे म्हणजे बोटे गमावणे होय. वायर जोडून विजेवर चालणारे यंत्र ओल्या मैदानावर आणूच नये. उताराची जागा चिखल असेपर्यंत तशीच सोडावी.

कापलेले गवत भिंतीशी ढीग करून ठेवण्याची सर्रास चाल आहे. ओला ढीग आतून तापतो, कुजतो व त्याला वास येतो. साप-विंचवांना तर आवारात त्याहून चांगली जागा मिळणार नाही. गाजर गवत वेचून काढलेले असेल तर उरलेले हिरवे गवत गावातील जनावरवाला वैरणीसाठी आनंदाने नेतो आणि पुष्कळदा त्या बदल्यात कापूनही देतो. हा व्यवहार दोघांच्या सोयीचा आहे. फक्त तारीख व उंची आधी ठरवून घ्यावी, नाहीतर तो आपल्या सोयीने येतो आणि वैरण जास्त मिळावी म्हणून मातीपर्यंत कापतो. उरलेले गवत झाडांच्या आळ्यात, खोडापासून वीतभर दूर, पातळ पसरावे किंवा खताच्या खड्ड्यात मातीचा थर देत टाकावे. तणनाशक फवारून एका दिवसात मोकळे होण्याचा मोह काहींना होतो. मुले ज्या जमिनीवर बसतात, खेळतात, हाताने माती उकरतात, तेथे विषारी द्रव्य फवारणे कोणत्याही सोयीसाठी समर्थनीय नाही. शिवाय त्याने मुळे मरून मैदान उघडे पडते ते वेगळेच.

हे सारे करावयाचे कोणी, हा खरा अडचणीचा प्रश्न आहे. दोनशिक्षकी शाळेत शिपाई नसतो आणि गवत कोणाची वाट पाहत नाही. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या जून महिन्याच्या सभेतच हा विषय घेऊन तीन कापण्यांच्या तारखा, माणसे, हत्यारे व ग्रामपंचायतीचे साहाय्य ठरवून इतिवृत्तात नोंदवावे. विद्यार्थ्यांच्या हाती विळा द्यावयाचा नाही, वाढलेल्या गवतात त्यांना वेचण्यासाठीही पाठवावयाचे नाही, याला अपवाद नाही. ‘मुले घरी करतातच की’ असे उत्तर कोणी देतो. घरी बापाच्या नजरेखाली एक मूल काम करते, शाळेत चाळीस मुले असतात, आणि त्यांना पालकांनी शिकण्यासाठी पाठविलेले असते.

मुलांच्या वाट्याला दुसरे काम द्यावे. कापलेल्या, सुरक्षित जागेच्या कडेला एक चौरस मीटर जागा सुतळीने आखून तेथील हरळीची उंची चौथीच्या मुलांनी दर शनिवारी मोजावी आणि आलेख काढावा. कापणीनंतर आठ दिवसांत किती वाढ झाली, उघाडीत किती, झडीत किती, हे त्यांच्याच आकड्यांतून त्यांना दिसेल. पात्याच्या बुडाशी व टोकाशी शाईचा एकेक ठिपका देऊन चार दिवसांनी पाहिले, तर पाते कोठून वाढते याचा उलगडा पुस्तकावाचून होतो. भाद्रपदात गणपतीसाठी दूर्वा खुडणाऱ्या मुलांना ती हीच हरळी आहे हे सांगितले की बहुतेकांना नवल वाटते.

शेवटची कापणी उत्तरा किंवा हस्त नक्षत्रात, पाऊस ओसरू लागला की करून घ्यावी. त्या सुमारास कुसळीचे तुरे भरू लागतात. ते तुरे पिकण्याआधी निघाले तर दिवाळीच्या सुटीनंतर मुलांच्या कपड्यांत व पायमोज्यांत कुसळे रुतत नाहीत, पुढील वर्षी कुसळी कमी उगवते, आणि उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला काडी लागून कुंपण जळण्याचा प्रसंगही टळतो.